बिनविरोध : गावाची एकी की मतदाराची गैरहजेरी?

ग्रामपंचायत निवडणुकीच्या काळात तहसील कार्यालयाच्या आवारात सर्वाधिक गर्दी मतदानाच्या दिवशी नव्हे, तर अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी दिसते. दुपारी तीनपर्यंतची मुदत असते. जीपगाड्या भरून आलेली मंडळी झाडाखाली घोळका करून उभी असतात, एखाद्या उमेदवाराला बाजूला घेऊन समजावले जाते, कोणाचा तरी मोबाइल सतत वाजत असतो. तीन वाजतात, दार बंद होते आणि एखाद्या गावाच्या नावापुढे 'बिनविरोध' असा शेरा पडतो. गुलाल उधळला जातो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत 'गावाने घालून दिला आदर्श' अशा मथळ्याची बातमी येते.

बातमी बहुतेकदा तेथेच संपते. त्या दिवशी कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कशाच्या मोबदल्यात माघार घेतली, हे सहसा कोणी विचारत नाही. कायदाही विचारत नाही. बिनविरोध निवडणूक हा गावाच्या शहाणपणाचा पुरावा आहे की मतदाराचा हक्क मतदानापूर्वीच काढून घेण्याचा राजमार्ग, या वादाचे मूळ याच न विचारलेल्या प्रश्नात आहे.

आकडे काय सांगतात?

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या मुदती वेगवेगळ्या वेळी संपत असल्याने निवडणुका टप्प्याटप्प्याने होतात. त्यांतील एक मोठा टप्पा १५ जानेवारी २०२१ रोजी पार पडला. एप्रिल ते डिसेंबर २०२० या काळात मुदत संपलेल्या आणि करोनामुळे लांबलेल्या निवडणुका त्यात एकत्र घेण्यात आल्या. राज्य निवडणूक आयोगाने १४ हजार २३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला होता. प्रत्यक्ष मतदान झाले ते १२ हजार ७११ ठिकाणी. म्हणजे दीड हजारांहून अधिक गावांत मतदान यंत्र पोहोचलेच नाही. हे प्रमाण साधारण दहा गावांमागे एक असे पडते.

सदस्यांचा आकडा पाहिला, तर चित्र आणखी वेगळे दिसते. एकूण १ लाख २५ हजार ७०९ जागांपैकी २६ हजार ७१८ जागांवरील उमेदवार बिनविरोध निवडून आले. दर पाच सदस्यांमागे एकाहून अधिक सदस्य एकही मत न मिळवता पंचायतीत बसला, असा याचा अर्थ आहे. संपूर्ण गाव बिनविरोध होण्याची चर्चा होते. मात्र ज्या गावांत मतदान झाले, तेथेही एखाददुसऱ्या प्रभागात, बरेचदा एखाद्या राखीव जागेवर, एकच अर्ज उरलेला असतो. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

कायद्याच्या दृष्टीने 'बिनविरोध'

राज्यातील ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. लोकसंख्येनुसार सदस्यसंख्या ७ ते १७ अशी असते. गावाचे प्रभाग पाडले जातात आणि एका प्रभागातून सहसा दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात. यांपैकी प्रत्येक जागा स्वतंत्र धरली जाते. एखादी सर्वसाधारण, एखादी महिलांसाठी, एखादी अनुसूचित जाती, जमाती वा मागास प्रवर्गासाठी राखीव असते. त्यामुळे एकाच प्रभागात एका जागेवर चुरशीची लढत आणि शेजारच्या जागेवर बिनविरोध निवड असे घडू शकते. या निवडणुका राजकीय पक्षांच्या चिन्हांवर लढविल्या जात नाहीत. गावात असतात ती 'पॅनेल'. त्यांच्यामागे पक्ष असले, तरी कागदावर ते नसतात.

केंद्रात १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली आणि त्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग नेमण्याची तरतूद केली. तथापि बिनविरोध निवडीविषयीचा नियम जुनाच राहिला. छाननी आणि माघारीनंतर एखाद्या जागेवर एकच वैध उमेदवार उरला, तर निवडणूक निर्णय अधिकारी त्याला निर्वाचित घोषित करतो. मतदान होत नाही. साहजिकच मतपत्रिकेवरील 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्यायही मतदाराला मिळत नाही. जेथे दोन उमेदवार आहेत, तेथील मतदार दोघांनाही नाकारू शकतो. जेथे एकच आहे, तेथील मतदाराला तेवढाही अधिकार नाही.

माघार घेणाऱ्याला कारण द्यावे लागत नाही. ही तरतूद मुळात उमेदवाराच्या स्वातंत्र्यासाठी आहे. व्यवहारात मात्र तिचा उपयोग त्याच्यावर दबाव आणणाऱ्यांनाही तितकाच होतो, कारण स्वखुशीने घेतलेली माघार आणि घ्यायला लावलेली माघार यांचा कागद सारखाच दिसतो.

बैठक, वाटणी आणि शब्द

बिनविरोध निवडीची रीत प्रदेशागणिक थोडी बदलते, पण तिचा सांगाडा सारखाच असतो. निवडणूक जाहीर झाली, की गावातील प्रमुख मंडळी देवळात, तालमीत किंवा सोसायटीच्या कार्यालयात बैठक बोलावतात. प्रत्येक भावकीला, वाडीला किंवा वस्तीला किती जागा द्यायच्या, याचा हिशेब मांडला जातो. इच्छुक अधिक असतील तर कालावधीची वाटणी होते. एकाने अडीच वर्षे पद भूषवायचे आणि मग राजीनामा देऊन दुसऱ्याला वाट मोकळी करून द्यायची. अशा तोंडी कराराला कायद्यात स्थान नाही. तो पाळला गेला तर गाव कौतुक करते. न पाळला गेला तर पुढील निवडणूक दुप्पट ईर्ष्येने लढली जाते.

कोकणात या बैठकीला आणखी एक पदर असतो. गावकीच्या निर्णयात मुंबईतील चाकरमान्यांच्या मंडळांचा शब्द अनेक गावांत वजनदार ठरतो. गावात राहणाऱ्यांचे पाणी, रस्ता, दिवाबत्ती पाहणारे सदस्य कोण असावेत, याची पहिली चर्चा कधीकधी शेकडो किलोमीटर दूर असलेल्या चाळीच्या खोलीत होते. शहरातील वाचकाला हा विषय वाटतो तितका परका नाही तो यामुळेच.

सरपंचपदाच्या निवडीची पद्धत बदलली, तसे या बैठकीचे गणितही बदलत गेले. पूर्वी निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. २०१७ साली सरपंचाची निवड थेट मतदारांतून करण्याचा निर्णय झाला, २०२० साली तो रद्द करण्यात आला आणि २०२२ साली पुन्हा लागू झाला. सरपंच सदस्यांतून निवडला जात असताना बैठकीतील तडजोड सोपी होती. सदस्यपदे वाटून सरपंचपदाचा निर्णय नंतरवर ढकलता येत असे. थेट निवडीत संपूर्ण गावाचे एका नावावर आधीच एकमत व्हावे लागते. त्यामुळे सदस्य बिनविरोध आणि सरपंचपदासाठी मात्र मतदान, असे चित्रही पाहावयास मिळते.

बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे

बिनविरोध निवडीची बाजू घेणाऱ्यांचे मुद्दे झटकून टाकण्यासारखे नाहीत. ग्रामपंचायतीची निवडणूक ही सर्वांत जवळच्या माणसांतील लढत असते. विधानसभेला कोणी कोणाला मत दिले, हे विसरले जाते. ग्रामपंचायतीत एका प्रभागात काहीशे मते असतात, पराभव पाच-दहा मतांनी होतो आणि ती पाच-दहा मते कोणत्या घरातली, याचा अंदाज बांधला जातो. त्यातून बोलणे बंद होते, लग्नाला जाणे-येणे थांबते, बांधावरचे वाद कोर्टात जातात. निकालानंतरच्या हाणामारीच्या बातम्या प्रत्येक टप्प्यात येतात. ज्या गावाने हे एकदा भोगले, त्या गावाला मतदान नको वाटले तर नवल नाही.

दुसरा मुद्दा खर्चाचा. सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवाराला २५ हजार, अकरा ते तेरा सदस्यांच्या पंचायतीत ३५ हजार आणि त्याहून मोठ्या पंचायतीत ५० हजार रुपयांची खर्चमर्यादा आयोगाने घालून दिली होती. प्रत्यक्षात जेवणावळी, गाड्या आणि अखेरच्या रात्रीचे वाटप यांत किती पैसा जातो, हे गावात कोणाला सांगावे लागत नाही. निवडून येण्यासाठी घातलेला पैसा नंतर कामांतून वसूल केला जातो, हा अनुभवही जुना आहे. मतदान टळले तर ही साखळी तुटेल, अशी आशा त्यामागे असते.

तिसरा मुद्दा विचारांचा आहे. ग्रामस्वराज्य आणि सर्वोदयाच्या परंपरेत बहुमतापेक्षा सर्वसहमतीला अधिक मोल दिले गेले. एक्कावन्न जणांनी एकोणपन्नास जणांवर मात करण्यापेक्षा शंभरांनी मिळून ठरवावे, हा तो विचार. गाव हे कुटुंब आहे आणि कुटुंबात मतपेटी नसते, असे म्हणणारे आजही आहेत. प्रश्न एवढाच, की या कुटुंबात बोलण्याचा अधिकार सर्वांना आहे काय?

एकमताला लावलेले बक्षीस

सरकारांनी आणि लोकप्रतिनिधींनी या एकमताला पैशाचे प्रोत्साहन दिले, तेव्हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. गुजरातेत २००१ पासून 'समरस' योजनेखाली बिनविरोध ग्रामपंचायतींना विशेष अनुदान दिले जाते. सर्व सदस्य महिला असतील तर ते अधिक असते. आंध्र प्रदेश सरकारने २०२१ च्या निवडणुकीवेळी लोकसंख्येनुसार ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंतचे प्रोत्साहन जाहीर केले. त्याच निवडणुकीत चित्तूर आणि गुंटूर या दोन जिल्ह्यांत बिनविरोध निवडींचे प्रमाण इतके वाढले, की तेथील राज्य निवडणूक आयुक्तांनी हे निकाल तूर्त जाहीर करू नयेत, असे सांगून जिल्हाधिकाऱ्यांकडून अहवाल मागविले.

महाराष्ट्रात २०२१ च्या निवडणुकीपूर्वी काही आमदारांनी आपापल्या मतदारसंघांत अशा घोषणा केल्या. पारनेरचे तत्कालीन आमदार नीलेश लंके यांनी बिनविरोध होणाऱ्या ग्रामपंचायतींना २५ लाख रुपयांचा निधी देण्याचे जाहीर केले आणि त्यानंतर इतरत्रही तसाच कित्ता गिरविला गेला. गावे भांडणापासून वाचावीत, हा त्यामागील हेतू सांगण्यात आला.

हेतू चांगला मानला, तरी परिणाम तपासावा लागतो. रस्त्यासाठी किंवा पाण्याच्या टाकीसाठी मिळणारा सार्वजनिक पैसा निवडणूक न होण्याशी जोडला, की उभा राहणारा उमेदवार गावाचा शत्रू ठरतो. 'तुझ्या एका अर्जामुळे गावाचे २५ लाख गेले' हे वाक्य कोणत्याही धमकीपेक्षा प्रभावी असते. ज्या गावाला लढत हवी आहे, त्या गावाची गरज कमी असते असे नाही. तरीही निधी मात्र लढत टाळणाऱ्यालाच अधिक मिळतो.

देवळासाठी लिलाव

पैसा आतून आला, की त्याचे रूप आणखी उघडे होते. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील देवळा तालुक्यातील उमराणे आणि नंदुरबार तालुक्यातील खोंडामळी या दोन गावांची नावे राज्यभर गाजली. दोन्ही ठिकाणी पदांसाठी जाहीर बोली लावली गेल्याचे समोर आले. उमराणे येथे बोली २ कोटी ५ लाख रुपयांपर्यंत, तर खोंडामळी येथे ४२ लाखांपर्यंत गेल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. बोलीची चित्रफीत मोबाइलवरून सर्वत्र पसरली. राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागविले आणि मतदानाला दोन दिवस उरले असताना दोन्ही गावांची संपूर्ण निवडणूक प्रक्रियाच रद्द केली.

अशा लिलावाचे समर्थन गावोगाव एकाच पद्धतीने केले जाते. पैसा कोणाच्या खिशात जात नाही, मंदिराच्या जीर्णोद्धाराला लागतो; मतदारांना रात्री पाकिटे वाटण्यापेक्षा हे बरे नाही काय? वरवर पाहता युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्यात एकच गोष्ट राहून जाते. बोलीत भाग घेण्याची ऐपत असलेले गावात किती जण असतात? शेतमजूर, अल्पभूधारक, कर्ज काढून मुलांना शिकविणारी विधवा यांचे मत रात्रीच्या पाकिटाने विकत घेतले जाऊ शकते, हे खरे. पण त्यांच्याकडे निदान ते मत असते. लिलावात तेही उरत नाही.

येथे पणाला काय लागलेले असते, हेही लक्षात घ्यावयास हवे. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनुसार २०१५-१६ पासून पाच वर्षे केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतींच्या हाती आला. २०२५-२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना मिळत गेला. पूर्वी मानापुरते असलेले सरपंचपद या पैशामुळे खऱ्या अधिकाराचे झाले. लाखांची बोली निव्वळ भक्तिभावातून लागते, असे मानणे म्हणूनच भाबडेपणाचे ठरेल.

राखीव जागेवरचे मौन

बिनविरोध निवडीचा सर्वांत नाजूक भाग राखीव जागांचा आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. लहान गावात एखाद्या प्रवर्गाची मोजकीच घरे असतात. कायद्यातील इतर अटी, उदाहरणार्थ दोनपेक्षा अधिक अपत्ये असलेल्यांना अपात्र ठरविणारी तरतूद किंवा जात पडताळणी प्रमाणपत्राची अट, या घरांतील इच्छुकांची संख्या आणखी घटवितात. अशा स्थितीत त्या जागेवर कोणी उभे राहावे, हे त्या समाजाऐवजी गावातील वजनदार मंडळी ठरवितात. उमेदवार बिनविरोध निवडून येतो. त्याला मत मागावे लागत नाही, तसेच आपण कोणामुळे येथे बसलो, हे विसरताही येत नाही.

सर्वच ठिकाणी असे घडते, असे नव्हे. एकमताने निवडलेल्या अनेक महिला सरपंचांनी उत्तम कारभार केल्याची उदाहरणे जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतात. तथापि दबावाने घडविलेले 'एकमत' किती टोकाला जाऊ शकते, हे तमिळनाडूतील मदुराई जिल्ह्याने दाखवून दिले आहे. पाप्पापट्टी, कीरिपट्टी आणि नाट्टार्मंगलम् या पंचायतींचे अध्यक्षपद १९९६ साली दलितांसाठी राखीव झाले. वरचढ जातीच्या विरोधामुळे तेथे कोणी अर्ज भरू धजेना. कोणी निवडून आलेच, तर तो लगेच राजीनामा देई. हा प्रकार तब्बल दहा वर्षे चालला. २००६ साली प्रशासनाने पुढाकार घेतल्यानंतरच तेथे निवडणूक होऊ शकली. या दहा वर्षांत त्या गावांत निवडणुकीवरून गाजावाजा फार झाला नसेल. पण ती शांतता कोणाची होती?

इंग्लंडमधील रिकाम्या खुर्च्या

बिनविरोध निवडणूक ही केवळ भारतातील गोष्ट नव्हे. आपल्या ग्रामपंचायतीशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी इंग्लंडमधील संस्था म्हणजे पॅरिश कौन्सिल. १८९४ च्या कायद्याने या कौन्सिली अस्तित्वात आल्या. आज इंग्लंडमध्ये गाव आणि लहान शहर मिळून अशा सुमारे दहा हजार कौन्सिली आहेत. सामूहिक सभागृह, मैदान, दफनभूमी, बसथांबा, पायवाटा अशा बाबी त्या सांभाळतात. स्थानिक करात त्यांचा छोटासा वाटा असतो. निवडणूक दर चार वर्षांनी ठरलेली असते.

मात्र ग्रामीण पॅरिशांत मतदान न होणे, हीच नित्याची गोष्ट झाली आहे. तेथे कोणाला बसविण्यासाठी बैठक होत नाही, की बोली लागत नाही. अडचण उलट आहे. उभेच कोणी राहत नाही. नऊ जागांसाठी सहाच अर्ज आले, तर सहाही जण निवडून आलेले मानले जातात आणि उरलेल्या जागा कौन्सिल स्वतःच माणसे निवडून भरते. मध्येच जागा रिकामी झाली, तर किमान दहा मतदारांनी मुदतीत लेखी मागणी केली तरच पोटनिवडणूक होते. एरवी तेथेही कौन्सिलच सदस्य नेमते. निवडणुकीचा खर्च बहुधा पॅरिशच्याच माथी मारला जात असल्याने मतदान झाले नाही तर बरेच, असा विचारही त्यामागे असतो.

म्हणजे परिणाम सारखाच, कारणे मात्र अगदी वेगळी. महाराष्ट्रातील गावात पदाला किंमत आहे म्हणून लढत टाळली जाते. इंग्लंडमधील गावात पदाला किंमत उरली नाही म्हणून लढत होत नाही. एकीकडे इच्छुकांना थांबविले जाते, दुसरीकडे इच्छुक शोधावे लागतात. सरकारी नोंदीत दोन्हीकडे शेरा एकच पडतो : बिनविरोध. या शेऱ्यावरून गावाचा गुण ठरविता येत नाही, हे या तुलनेतून स्पष्ट व्हावे.

न्यायालयातील प्रश्न

एकाच उमेदवाराला मतदानाविना विजयी घोषित करावे काय, हा प्रश्न आता वरच्या पातळीवरही विचारला जात आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुरत मतदारसंघात एका उमेदवाराचा अर्ज बाद झाला, इतरांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल मतदानापूर्वीच खासदार झाले. लाखो मतदारांना मतदान केंद्रावर जाण्याची वेळच आली नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील संबंधित तरतुदीला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. एकट्या उमेदवारालाही किमान काही मते मिळविण्याची अट का असू नये, असा प्रश्न एप्रिल २०२५ मधील सुनावणीत न्यायालयाने उपस्थित केला. ही याचिका लोकसभा-विधानसभेच्या कायद्याविषयी आहे. मात्र जो प्रश्न सुरतच्या मतदारापुढे पाच वर्षांतून एकदा उभा राहिला, तो शेकडो गावांतील मतदारांच्या परिचयाचा आहे.

खरे एकमत कसे ओळखावे?

मग सर्वसहमती हे थोतांडच समजायचे काय? तसे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गाव सर्वसहमतीने निर्णय घेण्यासाठी ओळखले जाते. तेथील वैशिष्ट्य असे, की एकमत हे ग्रामसभेत, सर्वांसमक्ष, स्त्री-पुरुषांच्या चर्चेतून घडविले जाते आणि कोणाचा विरोध असेल तर विषय पुढे ढकलून पुन्हा बोलले जाते. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणारे हे गाव देशभर अभ्यासाचा विषय ठरले. तेथे विरोध करणाऱ्याला गप्प बसविण्याची गरज पडत नाही; त्याला पटेपर्यंत थांबण्याची तयारी गावाने ठेवलेली असते. माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत घडविलेले एकमत आणि हे एकमत यांत हाच फरक आहे.

दुसरे उदाहरण नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे. पाणलोट विकासासाठी देशभर नावाजलेल्या या गावात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली सुमारे तीस वर्षे निवडणूक बिनविरोध होत आली होती. जानेवारी २०२१ मध्ये विरोधी पॅनेल उभे राहिले आणि तेथे मतदान झाले. आदर्श गावाची एकी मोडली, अशी हळहळ तेव्हा अनेकांनी व्यक्त केली. निकाल लागला तेव्हा पवार यांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. तीस वर्षांच्या कामाला गावाची संमती आहे, हे तोवर सर्व जण गृहीत धरत होते; मतदानानंतर ते मोजून सिद्ध झाले. ज्यांना विरोध करावयाचा होता, त्यांनाही तो करता आला. यात गावाने गमावले काय?

या दोन गावांवरून काही साध्या कसोट्या मांडता येतील. इच्छुकांची नावे मोजक्यांच्या बैठकीत ठरली की खुल्या ग्रामसभेत? बैठकीत स्त्रिया आणि वस्तीवरची माणसे होती काय? माघार घेणाऱ्याला मोबदला, पद वा निधीचे आश्वासन मिळाले काय? निवड झाल्यानंतर ग्रामसभा नियमित भरते काय आणि तेथे हिशेब मागणाऱ्याला उत्तर मिळते काय? कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. ज्या गावात मतदान झाले नाही, तेथे या ग्रामसभांचे महत्त्व अधिकच वाढते; कारण सदस्याला जाब विचारण्याची पाच वर्षांतील एक संधी तेथील मतदाराने आधीच गमावलेली असते.

उपायही फार अवघड नाहीत. एकच उमेदवार उरला तरी त्याच्यासमोर नकाराचा पर्याय ठेवून मतदान घेता येईल काय, याचा विचार पंचायतींच्या कायद्यातही होऊ शकतो. खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. पण तो सर्वच निवडणुकांना लागू पडतो. ते जमत नसेल, तर निदान सामूहिक माघारीच्या ठिकाणी अहवाल मागविण्याची पद्धत नेमाने पाळता येईल. उमराणे आणि खोंडामळीत आयोगाला कारवाई करता आली ती बोलीची चित्रफीत बाहेर आली म्हणून. जेथे मोबाइल बंद ठेवून बैठक झाली, तेथे काय घडले, हे कोणाला कळणार? आणि विकासनिधी निवडणूक टाळण्याशी जोडण्याची प्रथा तर लोकप्रतिनिधींना आजच थांबविता येईल. त्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही.

गावातील भांडण ही खरी समस्या आहे आणि तिच्यावर तोडगा काढू पाहणाऱ्या गावांचे कौतुकच व्हावे. मात्र निवडणुकीने भांडण लागते म्हणून निवडणूकच नको म्हणायचे, तर मग भांडण मिटवायचे कोणाच्या शब्दाने, हा प्रश्न उरतो. पूर्वी तो शब्द पाटलाचा असे. मतपत्रिकेने तो गावातील शेवटच्या घराला दिला. पुढील टप्प्यातील निवडणुकीत एखाद्या गावापुढे 'बिनविरोध' असा शेरा पडेल, तेव्हा गुलाल कोणी उधळला याबरोबरच त्या शेवटच्या घरात त्या दिवशी काय बोलणे झाले, तेही विचारले जायला हवे.